दूध न सोसणारे बालक : निदान, आहार व संगोपन

प्रास्ताविक

दुधाला आपण पूर्णान्न मानतो. घरात दूधदुभते असणे हे आपल्या कृषिसंस्कृतीत सुबत्तेचे लक्षण समजले जाते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीखोऱ्याच्या लोहमार्गाने सुरतेत येऊन उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या आपल्या समाजाने गावाकडील गोठ्याची ही माया सोबत आणली. ज्या भूमीत आपण आलो ती तर दुधाचीच भूमी. १९४६ मध्ये आणंद येथे सहकारी दूधसंघाची मुहूर्तमेढ रोवली गेली, सुरत जिल्ह्याचा 'सुमुल' हा संघ १९५१ मध्ये उभा राहिला आणि १९७० पासून 'दुधाचा महापूर' योजनेने हा प्रयोग देशभर नेला. अशा प्रदेशात एखाद्या तान्ह्या बाळाला दूधच सोसत नाही, ही गोष्ट आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या आणि काही वेळा आपणा डॉक्टरांच्याही पचनी पडत नाही. म्हणूनच या विषयाचा थोडा तपशिलाने ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

पुढील चित्र कोणा एका कुटुंबाचे नाही; परंतु आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात ते केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असते. वडील लूमच्या कारखान्यात पाळीवर कामाला. आईचे पहिलेच बाळंतपण. बाळ अडीच महिन्यांचे, अंगावर पिणारे, हसरे, वजनही बरे. परंतु शीमध्ये आव व रक्ताचे तंतू दिसू लागतात. सासूबाई काळजीने म्हणतात, "तुझंच दूध बाधतंय गं त्याला. वरचं दूध सुरू कर." अंगावरचे दूध थांबते, म्हशीचे पाणी घातलेले दूध सुरू होते, आणि आजवर केवळ तंतू दिसत होते तिथे आता जुलाब, उलट्या व अंगावर पुरळ सुरू होते. मग एकामागून एक तीन दवाखाने, तीन प्रतिजैविके, आणि महिन्याभरात बाळाचे वजन अर्धा किलोने मागे. या साऱ्या प्रवासात आई मनातल्या मनात स्वतःलाच दोषी ठरवीत असते.

ज्या बाळाला आईचे दूध हवे होते त्याचेच ते तुटले, आणि जे दूध टाळायला हवे होते तेच त्याला देण्यात आले, ही यातील खरी शोकांतिका होय. ती टाळता येण्यासारखी आहे.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वैद्यकशास्त्राला दिला. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्याशी लढू लागते, तेव्हा त्या स्थितीला ॲलर्जी म्हणतात. आयुर्वेदाने सात्म्य व असात्म्य असा जो विचार मांडला, त्यातही 'एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही' हे निरीक्षण आहेच. मात्र आजची ॲलर्जीची संकल्पना प्रतिकारशक्तीच्या विशिष्ट प्रक्रियेवर उभी आहे, हे ध्यानात घ्यावे.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन व सुमारे २० टक्के व्हे म्हणजे निवळीतील प्रथिने असतात. ॲलर्जी होते ती या प्रथिनांची. निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी दुधात मुळात नसतेच. मात्र आईने घेतलेल्या दूध-दह्यातून त्याचा अत्यल्प अंश तिच्या दुधात उतरू शकतो. म्हणून केवळ अंगावर पिणाऱ्या बाळालाही क्वचित त्रास होतो. येथे आईचे दूध वाईट नसते. त्यातून आलेला गाई-म्हशीच्या दुधाचा अंश बाळाला सोसत नसतो. हा भेद सासूबाईंना, मावशींना, आणि स्वतः आईला समजावून सांगणे हे डॉक्टरांचे पहिले काम.

लॅक्टोजची असहनता ही वेगळी गोष्ट

या दोहोंत नेहमी गल्लत होते. लॅक्टोज ही दुधातील साखर. ती पचविणारे लॅक्टेज हे विकर कमी पडले की पोट फुगणे, गुरगुरणे, पातळ व आंबूस शी होणे अशी लक्षणे दिसतात. मोठ्या वयातील भारतीयांत ही स्थिती बरीच आढळते. तान्ह्या बाळांत ती बहुधा तीव्र जुलाबानंतर काही दिवसांपुरती येते व आपोआप ओसरते. जन्मजात प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे. लॅक्टोजच्या असहनतेत शीमध्ये रक्त पडत नाही, अंगावर गांधी उठत नाहीत आणि जिवाला धोकाही नसतो. म्हणूनच 'लॅक्टोजविरहित' दुधाची पावडर ही दुधाच्या ॲलर्जीवरील उपाय नव्हे, कारण तिच्यात दुधाची प्रथिने तशीच असतात.

लक्षणांचे प्रकार

१) तत्काळ होणारी ॲलर्जी : यात आय.जी.ई. प्रतिपिंडांचा सहभाग असतो. दूध घेतल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, ओठ व डोळे सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी, खोकला, श्वासात घरघर अशी लक्षणे येतात. श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडले तर तो ॲनाफायलॅक्सिस होय, आणि तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

२) उशिरा होणारी ॲलर्जी : काही तासांनी ते काही दिवसांनी लक्षणे येतात. शीमध्ये रक्त व आव, दीर्घकाळ जुलाब, वजन न वाढणे, वारंवार उलट्या, ही त्याची रूपे. शीत रक्ताचे तंतू, पण बाळ उत्तम वाढते आहे, हा यातील सर्वांत सौम्य प्रकार. याउलट, दूध दिल्यावर एक ते चार तासांत बाळ उलट्यांवर उलट्या करून पांढरेफटक व मलूल पडते, असाही एक प्रकार आहे. तो पुष्कळदा जंतुदोष समजला जातो. त्यात शिरेतून द्रव देऊन बाळाला सावरावे लागते.

३) संमिश्र प्रकार : काही बालकांतील तीव्र इसब या गटात मोडतो.

उलटपक्षी, दूध पिऊन थोडीशी गुळणी टाकणारे, संध्याकाळी रडणारे, पण वजन व्यवस्थित वाढणारे प्रत्येक बाळ ॲलर्जीचे नसते, हेही तितकेच ठासून सांगितले पाहिजे. अलीकडे निदान हुकण्याइतकाच अतिनिदानाचा धोकाही वाढला आहे. निष्कारण दूध तोडलेल्या बाळाचे पोषण आपण आपल्याच हाताने बिघडवीत असतो.

किती मुलांना होते?

डेन्मार्कमधील ओडेन्से येथे १९८५ मध्ये जन्मलेल्या १,७४९ बालकांचा होस्ट व हाल्केन यांनी तीन वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी ३९ जणांना, म्हणजे सुमारे २.२ टक्के बालकांना, गाईच्या दुधाची ॲलर्जी निश्चित झाली. नंतरच्या युरोपीय अभ्यासांत काटेकोर चाचणीने ठरविलेले प्रमाण याहूनही कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, निघाले. भारतात लखनौच्या संजय गांधी संस्थेतील बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१० मध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध करून हा आजार विकसनशील देशांतही ओळखला गेला पाहिजे, याकडे लक्ष वेधले. पुढे २०२० मध्ये 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये भारतीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. सारांश, हा आजार विरळा आहे, परंतु दुर्मीळ नाही.

निदान कसे करावे?

निदानाचा पाया म्हणजे नीट घेतलेली हकीकत. काय दिले, किती दिले, किती वेळाने काय झाले, दुसऱ्या वेळी तसेच झाले का, हे चार प्रश्न शांतपणे विचारले तर निम्मे काम होते. त्यासोबत वजन-उंचीचा तक्ता पाहावा. शीत रक्त असल्यास गुदद्वाराची चीर, जंतुजन्य आव, जीवनसत्त्व 'के'ची कमतरता यांचा विचार करावा. आणि बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, पोट फुगले असेल, शी लालसर जेलीसारखी होत असेल तर आतड्यात आतडे शिरल्याची शंका घेऊन त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

तत्काळ प्रकारात त्वचेवरील टोचणी चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आय.जी.ई.ची तपासणी उपयोगी पडते. परंतु ती सकारात्मक येणे म्हणजे केवळ संवेदनशीलता. लक्षणांशिवाय तिला ॲलर्जी म्हणू नये. उशिराच्या प्रकारात या चाचण्या नकारात्मकच येतात. 'आय.जी.जी.'च्या शंभर-शंभर पदार्थांच्या महागड्या तपासण्यांना निदानात स्थान नाही. त्यावर रुग्णाचा पैसा खर्च करवू नये.

खरी कसोटी म्हणजे वर्ज्य करणे व पुन्हा देऊन पाहणे. हे तत्त्व गोल्डमन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दुधाच्या ॲलर्जीसाठी पद्धतशीर मांडले. दोन ते चार आठवडे दुधाची सर्व रूपे पूर्ण बंद करावीत. लक्षणे ओसरली तर पुन्हा दूध देऊन ती परततात का, हे पाहावे. पुष्कळदा बाळ सुधारले की आई-वडील दुसरी पायरी टाळू पाहतात. त्यांची भीती स्वाभाविक आहे. परंतु त्या पायरीविना बाळ वर्षानुवर्षे उगाच पथ्यावर राहू शकते. सौम्य, उशिराच्या प्रकारात हे घरी करता येते. तत्काळ प्रकारात, किंवा पांढरेफटक पडण्याचा प्रसंग घडून गेला असेल तर, पुनर्चाचणी रुग्णालयातच, आणीबाणीच्या तयारीनिशी व्हावी. हा नियम कधीही मोडू नये.

आईचे दूध सुरूच ठेवावे

केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला त्रास असेल तर आईने दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर दोन ते चार आठवडे वर्ज्य करावे. बाळाचे पिणे मात्र चालू ठेवावे. बाळ वरचे दूध घेतल्यावरच आजारी पडत असेल आणि नुसत्या अंगावरच्या दुधावर ठीक असेल, तर आईला कोणतेही पथ्य नको.

पथ्यावरील आईला रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम व जीवनसत्त्व 'डी' औषधरूपाने द्यावे. आपल्याकडे एक बाब हमखास विसरली जाते, ती म्हणजे जीवनसत्त्व 'बी-१२'. शाकाहारी, विशेषतः माळकरी घरांत, या जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव आधार दूधच असतो. तो काढून घेतला तर आईत, आणि तिच्या दुधावर वाढणाऱ्या बाळात, त्याची उणीव निर्माण होते. बाळ निस्तेज होणे, शिकलेले विसरणे, हातापायांना कंप, त्वचा काळवंडणे, रक्तक्षय, ही त्या उणिवेची लक्षणे असून उशीर झाल्यास मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम राहू शकतो. म्हणून दूध बंद करण्याची चिठ्ठी लिहिताना त्याच चिठ्ठीवर बी-१२ लिहावे.

अंगावरचे दूध नसेल तर

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईचे दूध उपलब्धच नसेल तर घरगुती पेज, नारळाचे दूध किंवा बदामाचे पाणी यांवर त्याला ठेवता येत नाही. अशा वेळी प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे केलेली, पूर्ण जलविघटित पावडर हा पहिला पर्याय. ॲलर्जीच्या किमान ९० टक्के बालकांना ती सोसते. जी ती सोसू शकत नाहीत किंवा ज्यांचा आजार तीव्र आहे, त्यांना अमिनो आम्लांपासून बनविलेली पावडर लागते. सहा महिन्यांनंतर सोयाप्रथिनाची बाळांसाठीची पावडर हा तुलनेने स्वस्त पर्याय ठरतो; काही बालकांना, विशेषतः आतड्याच्या प्रकारात, सोयाही सोसत नाही, म्हणून लक्ष ठेवावे. बाजारातील सोया-पेय हे या पावडरीची जागा घेऊ शकत नाही.

या पावडरी महाग आहेत. लूमवर काम करणाऱ्या बापाच्या पगाराचा मोठा वाटा त्या डब्यांत जातो, आणि मग डबा पुरविण्यासाठी पावडर पातळ कालविली जाते. तसे झाले तर ॲलर्जी आटोक्यात येऊनही बाळ कुपोषित होते. म्हणूनच तुटलेले स्तनपान पुन्हा सुरू करता येईल का, याचा प्रयत्न डबा लिहिण्यापूर्वी व्हावा. बाळ वारंवार छातीशी धरणे, रात्रीचे पाजणे, आईला विश्रांती व धीर, यांनी आटलेले दूध पुष्कळदा परत येते. शिशुदुग्धपर्यायांविषयीच्या १९९२ च्या व २००३ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने अशा पावडरींच्या प्रसाराला मनाई केली आहे. त्या केवळ वैद्यकीय गरजेपुरत्या लिहाव्यात.

शेळीचे चालेल का? उंटिणीचे?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने परस्परांशी फार मिळतीजुळती असतात. इटलीतील १९९९ च्या एका अभ्यासात गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या २६ बालकांपैकी २४ जणांना शेळीच्या दुधानेही त्रास झाला. तेव्हा गाईऐवजी म्हैस किंवा शेळी हा उपाय नव्हे. कच्छच्या उंटिणीचे दूध आता गुजरातच्या बाजारात मिळते. त्याची प्रथिने काहीशी वेगळी असली तरी ते तान्ह्या बाळाचे संपूर्ण अन्न नाही आणि तज्ज्ञांच्या देखरेखीविना ते देऊ नये.

'दूध चांगले उकळले की चालते' हाही एक समज. केसिन हे उष्णतेला दाद न देणारे प्रथिन आहे. नुसत्या उकळण्याने ॲलर्जी टळत नाही. आटवलेला खवा म्हणजे तर प्रथिनांचा अर्कच.

पूरक आहार : आपल्याच स्वयंपाकघरातून

सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न वेळेवर सुरू करावे. ॲलर्जीच्या भीतीने ते लांबवू नये. अंडे, गहू, शेंगदाण्याचे बारीक कूट हेही योग्य वयात, एकेक करून, थोडे थोडे द्यावे. अख्खा शेंगदाणा मात्र घशात अडकण्याच्या भीतीने लहान मुलाला कधीही देऊ नये. तीव्र इसब असलेल्या किंवा अन्य पदार्थाने त्रास झालेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे.

खान्देशी स्वयंपाकघर या बाबतीत सुदैवी आहे, कारण आपले कितीतरी पदार्थ मुळातच दुधाविना होतात.

• मोड आणून केलेले नाचणीसत्त्व, पाण्यात शिजवून, गूळ व चमचाभर शेंगदाण्याचे तेल घालून. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नाचणीतील कॅल्शियम शोषले जाण्यात काही अडथळे असतात. मोड आणल्याने ते कमी होतात.

• मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तेलाच्या फोडणीसह.

• ज्वारी व उडदाची कळण्याची भाकरी, वरणात कुस्करून. धान्य व डाळ एकत्र आल्याने प्रथिनांची प्रत सुधारते.

• राजगिऱ्याची व शेवग्याची पाने, वरणात घोटून.

• तीळ सोसत असल्यास त्याचे बारीक कूट. तिळात कॅल्शियम भरपूर. मात्र तिळाचीही ॲलर्जी असू शकते, म्हणून प्रथम चिमूटभरच.

• मांसाहारी घरांत अंडे, मासे, कोंबडीचे मऊ शिजवून कुस्करलेले मांस.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दुधाविना एवढे केवळ अन्नातून भरून काढणे अवघड असते. म्हणून बहुतेक बालकांना कॅल्शियम औषधरूपाने द्यावे लागते. सोबत पहिल्या वर्षी जीवनसत्त्व 'डी' रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके, आणि लोह व बी-१२ गरजेनुसार. तूप बंद झाल्याने घटणारे उष्मांक तेलाने भरून काढावेत. दर महिन्याला वजन करावे. पथ्य पुरे पडते की नाही, हे वजनाचा काटाच सांगतो.

लपलेले दूध

पेला भरून दिलेले दूध टाळणे सोपे. लपलेले दूध ओळखणे कठीण. बिस्किटे, पाव, टोस्ट, नानखटाई, केक, चॉकलेट, तयार बाळ-आहार, कढी, दही घातलेले खमण, लोणी टाकलेला लोचो, दूध घालून पातळ केलेला आमरस, या साऱ्यांत ते असते. साजूक तुपात प्रथिनांचा अंश अल्प असला तरी राहतोच, म्हणून निदानाच्या काळात तेही वर्ज्य. वेष्टनावर मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसिन, कॅसिनेट यांपैकी काहीही लिहिलेले असेल तर ते दूधच होय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टनबंद पदार्थावर दुधासारख्या ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. सुट्या मिठाईला मात्र वेष्टन नसते. ती टाळावी हे उत्तम. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटावरील घटकही वाचून घ्यावेत.

घर, सण आणि समाज

या आजारात औषध कमी आणि माणसे सांभाळणे अधिक असते. कोजागिरीचे मसाला-दूध, दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला घरोघरी येणारी सुरती घारी, सत्यनारायणाचे पंचामृत, श्रावणात कानबाईच्या रोटांबरोबरची खीर, या सर्व प्रसंगी कोणीतरी प्रेमाने बाळाच्या ओठाला बोट लावते. 'प्रसादाने काय होते?' या प्रश्नाचे उत्तर तत्काळ प्रकारच्या बालकाच्या बाबतीत फार कठोर असू शकते. श्रद्धेला धक्का न लावता मार्ग काढता येतो. नारळाच्या दुधाची व गुळाची खीर, खडीसाखर, केळे, दूध-तुपाविना केलेली पुरणपोळी, हे बाळासाठी वेगळे ठेवावे. शक्य झाल्यास सगळ्याच मुलांना तेच द्यावे, म्हणजे एकटे बसण्याची वेळ आपल्या मुलावर येत नाही.

आजीला शत्रू मानू नये. तिला या कामातील मुख्य जबाबदार माणूस करावे. दवाखान्यात आई एकटी आली तर पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत बोलवावे आणि दूध का बंद, किती दिवस, त्याऐवजी काय, हे त्यांनाच समजावून सांगावे. ज्या हातांनी बाळगुटी उगाळली जाते तेच हात नाचणीला मोड आणतात. घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांना पटले की पथ्य पाळले जाते, हा आपल्या भागातील अनुभव आहे.

मूल अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊ लागले की मराठीत व गुजरातीत लिहिलेली एक चिठ्ठी शिक्षिकेकडे द्यावी : कोणते पदार्थ वर्ज्य, त्रासाची लक्षणे कोणती, कोणाला दूरध्वनी करावयाचा. नियमित लसीकरण दुधाच्या ॲलर्जीमुळे थांबवू नये.

आणीबाणी

चेहरा सुजून श्वास लागणे, आवाज बसणे, मूल एकाएकी निपचित पडणे, ही ॲनाफायलॅक्सिसची लक्षणे दिसताच १०८ ला बोलवावे किंवा सर्वांत जवळच्या दवाखान्यात धाव घ्यावी. मुलाला उताणे निजवून पाय वर करावेत. श्वास लागत असल्यास बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये.

डॉक्टर बंधू-भगिनींनी ध्यानात ठेवावे की येथे पहिले औषध ॲड्रिनालिन होय. १:१००० द्रावण, दर किलो वजनामागे ०.०१ मिलिलीटर, मुलांत एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिलीटर, मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत. दहा किलोच्या मुलाला ०.१ मिलिलीटर. गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीविरोधी गोळी किंवा स्टिरॉइड यांची वाट पाहत ॲड्रिनालिन लांबवू नये. हे औषध अत्यंत स्वस्त आहे. मुदत न संपलेली दोन इंजेक्शने आपल्या प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात असलीच पाहिजेत. त्यानंतर मुलाला स्मीमेर, नवी सिव्हिल किंवा अन्य सुसज्ज रुग्णालयात निरीक्षणासाठी पाठवावे, कारण लक्षणे काही तासांनी परतू शकतात.

पथ्य किती दिवस?

पालकांना धीर देणारी गोष्ट ही की बहुसंख्य बालके या ॲलर्जीतून बाहेर पडतात. वर उल्लेखिलेल्या डॅनिश अभ्यासात ५६ टक्के बालके एका वर्षाच्या वयात, ७७ टक्के दोन वर्षांच्या व ८७ टक्के तीन वर्षांच्या वयात बरी झाली. उशिराचा प्रकार लवकर जातो. तत्काळ प्रकार अधिक चिवट. बाल्टिमोर येथील २००७ च्या अभ्यासात, जेथे अधिक तीव्र रुग्ण येत, चार वर्षांपर्यंत १९ टक्के व सोळा वर्षांपर्यंत ७९ टक्के मुले मोकळी झाली.

म्हणून पथ्य किमान सहा महिने, किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत ठेवून, नंतर दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासावे. सौम्य उशिराच्या प्रकारात पायरीपायरीने जाता येते : प्रथम पिठात मिसळून खरपूस भाजलेले बिस्किट, मग केक, मग शिजवलेले पदार्थ, नंतर दही आणि शेवटी दूध. पिठाबरोबर बराच वेळ भाजले गेल्याने दुधाची प्रथिने सौम्य होतात. न्यूयॉर्कमधील २००८ च्या एका अभ्यासात दुधाची ॲलर्जी असलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना असे भाजलेले पदार्थ सोसले. तत्काळ प्रकार किंवा दमा असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र पहिली पायरीदेखील तज्ज्ञांसमोरच चढावी.

'दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो,' अशी आपल्याकडे म्हण आहे. या आजारात तिचा अनुभव अक्षरशः येतो. एकदा हादरलेले आई-वडील मूल बरे झाल्यानंतरही वर्षानुवर्षे ताकाला हात लावू देत नाहीत. पथ्य सुरू करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर संपविणेही.

उपसंहार

प्रारंभी वर्णिलेल्या त्या अडीच महिन्यांच्या बाळाकडे पुन्हा वळू. त्याला तीन प्रतिजैविकांची गरज नव्हती, म्हशीच्या दुधाची नव्हती आणि महागड्या डब्याचीही नव्हती. त्याच्या आईने तीन-चार आठवडे दूध-तूप सोडणे, कॅल्शियम व बी-१२ घेणे, बाळाला छातीशी धरून ठेवणे, आणि एका डॉक्टरने दहा मिनिटे बसून तिच्या सासूबाईंना हे सारे समजावणे, एवढेच पुरेसे होते. त्यानंतर थोडे दूध पुन्हा घेऊन पाहिले असते तर निदानही पक्के झाले असते, आणि वर्षाच्या आसपास ते बाळ बहुधा सर्वांबरोबर दहीभात खाऊ लागले असते.

आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत त्या दहा मिनिटांची वाण असते, हे खरे. तरीही ती काढावीत, आणि बाहेर पडणाऱ्या आईला निरोप देताना एक वाक्य आवर्जून सांगावे : "ताई, यात तुमची काही चूक नाही."